गणित न जमणं आनुवंशिक असतं का?

तुम्हाला वाचनाची आवड, पण गणिताची धास्ती. वडिलांचंही तसंच होतं आणि आता मुलगी आकडेमोडीला बसली की रडते. म्हणून ‘गणिताचं जनुकच आमच्या घराण्यात नाही का?’ असं तुम्ही विचारलंय.

तसं एकच जनुक कुणाकडेच नसतं. डिस्लेक्सियाचं, म्हणजे वाचन-लेखन शिकताना येणाऱ्या अडचणीचं, उदाहरण घ्या. २०२२ साली दहा लाखांहून जास्त लोकांची जनुकीय माहिती तपासली, तेव्हा डिस्लेक्सियाशी संबंध असलेल्या डीएनएमधल्या ४२ जागा सापडल्या, आणि त्यातल्या प्रत्येकीचा परिणाम अगदी किरकोळ. गणिताचंही असंच आहे.

मला खरी गंमत वाटते ती पुढच्या गोष्टीची. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९४ ते १९९६ दरम्यान जन्मलेल्या हजारो जुळ्यांचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्लोमिन यांनी सुरू केला. हुबेहूब सारखी जुळी (यांची जनुकं जवळपास सारखीच) आणि साधी जुळी (इतर भावंडांइतकीच सारखी) यांची तुलना केल्यावर दिसलं की वाचन आणि गणित या दोन्हींत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहेच, पण दोन्हींवर परिणाम करणारी जनुकं बरीचशी तीच आहेत! एकाच मुलाला एक विषय जमतो आणि दुसरा जमत नाही, यात अनुभवांचा हात त्या मानाने जास्त असतो. म्हणजे ‘वाचन उत्तम, गणित कच्चं’ हे तुमचं वर्णन जनुकांकडे बोट दाखवायला तसं कमकुवतच.

शिवाय आईवडील मुलांना जनुकं देतात तसं घरातलं वातावरणही देतात. ‘आपल्याकडे कुणालाच गणित येत नाही’ हे वाक्य मुलगी लहानपणापासून ऐकत असेल, तर नुसत्या तीन पिढ्या बघून काहीच ठरवता येत नाही.

आनुवंशिकता साठ टक्के, असं कुठे वाचलंत तर मुलीचे साठ टक्के गुण तुमच्याकडून आले असं समजू नका (वर्तमानपत्रं हमखास असंच छापतात). तो आकडा समूहातल्या माणसामाणसांतल्या फरकाबद्दल असतो, एका मुलीबद्दल नाही. आणि आनुवंशिक म्हणजे अटळ, हेही चूक. फेनिलकीटोन्युरिया हा चयापचयाचा आजार तर निव्वळ एका जनुकातल्या बिघाडाने होतो, तरी जन्मापासून आहार सांभाळला तर बौद्धिक नुकसान बहुतांशी टळतं.

डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकडे आणि गणित समजण्यातली अध्ययन अक्षमता, मात्र खरा असतो. मुलीला लहानसहान बेरजाही बोटांवरच कराव्या लागत असतील, दोन संख्यांतली मोठी कोणती हे पटकन कळत नसेल, तर अध्ययन अक्षमतेची रीतसर तपासणी करून घ्या. वडिलांचा आणि तुमचा इतिहास तिथे जरूर सांगा. लाळेवरून होणारी जनुकीय चाचणी मात्र यासाठी करू नका. एका मुलीच्या गणिताबद्दल ती आज तरी उपयोगाचं काही सांगू शकत नाही.