एसडब्ल्यूआर झकास, पण बीम गेला कुठे?

प्रश्न : काका, पिंपळगाव बसवंतला आमची द्राक्षबाग आहे. बांधावरच्या दोन निलगिरींमध्ये दोर ताणून हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडसाठी (७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा) दोन उभ्या तारा सोडल्या आहेत, एक वायव्येला, एक आग्नेयेला. मध्ये साडेदहा मीटर अंतर. प्रत्येकीच्या बुडाशी चार रेडियल (बुडापासून चहूकडे पसरलेल्या तारा). सिग्नल एका दिशेला वळावा म्हणून वायव्येच्या तारेला ९० अंशांची (पाव लहरीएवढी), म्हणजे सात मीटर, आरजी-५८ केबल जादा जोडली. एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळते याचं माप, १ म्हणजे उत्तम) १.२ येतो. पण ती जादा केबल काढून दुसऱ्या तारेला लावली तरी सिग्नलमध्ये काडीचा फरक पडत नाही. चुकतंय काय?

उत्तर : आधी झाडांबद्दल. आपल्या भागातून युरोपचा जवळचा मार्ग साधारण ३१५ अंशांवर, म्हणजे थेट वायव्येला पडतो आणि पाठीमागे आग्नेयेला ऑस्ट्रेलिया. निलगिरी लावणाऱ्याला हॅम रेडिओ येत असता, तरी त्याने यापेक्षा बरी जागा निवडली नसती.

आता एसडब्ल्यूआर. त्याच्यावर आपल्या लोकांचा फार जीव. तो एवढंच सांगतो की रेडिओला समोर ५० ओहमच्या जवळपास काहीतरी दिसतंय. डमी लोडचाही (अँटेनाऐवजी जोडायचा नुसता रेझिस्टर) एसडब्ल्यूआर उत्तम असतो, आणि त्यावरून पिंपळगावचा माणूस ओझरपर्यंतही पोचत नाही. दोन तारांच्या अँटेनात बघायचा असतो तो तारांमधला करंट : दोन्हींत सारखा हवा आणि एकीत पाव आवर्तन उशिरा पोचायला हवा. मग आग्नेयेच्या तारेकडून निघालेली लहर वायव्येच्या तारेपाशी येते तेव्हा तिथला करंट नेमका तिच्या जोडीला येतो आणि दोघी मिळून पुढे जातात. उलट दिशेला अर्ध्या आवर्तनाचा फरक पडतो आणि दोघी एकमेकींना मारतात. म्हणून उशिराची तार जिकडे, बीम (सिग्नलचा झोत) तिकडे. एका तारेच्या तुलनेत सुमारे ३ डीबी, म्हणजे दुप्पट ताकदीचा, फायदा. पण खरी कमाई पाठीमागचा गोंगाट कमी होण्यात आहे.

तुमची गफलत ९० अंशांच्या केबलमध्ये आहे, आणि ती जवळजवळ सगळेच करतात. केबलच्या टोकाला तिच्या स्वतःच्या ५० ओहमइतकाच भार असेल तरच ९० अंशांची केबल करंटला ९० अंश उशीर करते. चांगल्या जमिनीवर एकटी तार ३६ ओहमच्या आसपास असते. दोघी एकत्र चालू झाल्या की एकमेकींवर परिणाम करतात : उशिराची तार ५१ ओहमच्या घरात जाते, आधीची २१ पर्यंत उतरते, शिवाय एकीत इंडक्टिव्ह आणि दुसरीत कपॅसिटिव्ह भाग येतो. मग केबल कितीही मोजून कापा, फेज (दोन करंटमधला आधी-उशिराचा फरक) वेगळीच निघते आणि करंटही असमान होतो.

यावरचा सोपा तोडगा अल ख्रिस्तमन या अमेरिकन हॅमच्या नावाने ओळखला जातो. दोन्ही तारांना ८४ अंशांची एकेक केबल द्यायची, आणि उशिराच्या तारेच्या वाटेत ७१ अंशांचा तुकडा जादा घालायचा. ७.१ मेगाहर्ट्झवर, ०.६६ व्हेलॉसिटी फॅक्टरच्या (केबलमधला लहरीचा वेग प्रकाशाच्या ०.६६ पट) आरजी-५८ साठी हे ६.५ मीटर आणि ५.५ मीटर होतात. साडेसहाच्या दोन केबल तुमच्या साडेदहा मीटरमध्ये आरामात पोचतात. पण छापील फॅक्टरवर विसंबू नका, बाजारातली केबल रीळागणिक बदलते. नॅनोव्हीएनए (अँटेना आणि केबल मोजायचं छोटं यंत्र) आहे ना? केबलचं दूरचं टोक उघडं ठेवा आणि या टोकाला इम्पिडन्स (ओहममधला विरोध) कुठल्या फ्रीक्वेन्सीला शून्याकडे घसरतो ते बघा. ८४ अंशांची केबल ७.६१ मेगाहर्ट्झला घसरली पाहिजे, ७१ ची ९ मेगाहर्ट्झला. थोडी लांब ठेवून नखभर नखभर कापत या. बारा व्होल्टचा एक डबल-पोल रिले (विजेवर फिरणारा स्विच) बसवलात की ७१ चा तुकडा खोलीत बसून इकडून तिकडे करता येतो.

हे करायच्या आधी मात्र रेडियल वाढवा, कारण वरची मापं चांगली जमीन धरून काढलेली आहेत. चार-चार फारच कमी. ब्राऊन, लुईस आणि एपस्टाइन यांनी १९३७ साली एका निबंधात दाखवून दिलं की रेडिओ केंद्राच्या उभ्या अँटेनाला १२० रेडियल हवेत. तुम्हाला १६-१६ पुरे, दहा-दहा मीटर. दोन्हीकडचे मध्ये जिथे भेटतील तिथे एकमेकांवरून नेऊ नका, तोडून जोडून टाका. काळी जमीन मे महिन्यात भेगाळते आणि जुलैत चिखल होते; रेडियल जास्त असले की हा चढउतार कमी जाणवतो. फावड्याने चीर पाडून आत दाबा, नाहीतर पुढच्या वेळी रोटाव्हेटर सगळी तार गुंडाळून नेईल.

आणि बाग! मांडवाची जीआय तार हा आडवा पसरलेला धातूच आहे. एका तारेची केबल काढून, तिचं बूड मोकळं सोडून, दुसरी एकटी मोजा. मग उलट करा. दोघींचे आकडे एकसारखे यायला हवेत. बागेकडची तार वेगळं बोलत असेल तर दोर बांधाच्या दुसऱ्या अंगाला सरकवा.

चाचणी पुण्या-मुंबईच्या स्टेशनांवर घेऊ नका. त्यांचे सिग्नल डोक्यावरून येतात, तिथे पुढचं-मागचं काही कळत नाही. अंधार पडल्यावर युरोप लावा आणि रिले खटकन फिरवा.

प्रश्न : सिडकोत तिसऱ्या मजल्यावर राहतो. सोसायटीच्या गच्चीवर असं काही जमेल का?

उत्तर : ४० वर नाही, २० मीटरवर जमेल. तारा पाच मीटरच्या, अंतर ५.३ मीटर, आधाराला फायबरग्लासच्या दोन काठ्या. लोखंडी पाइप नको, तोही अँटेनाच होऊन बसतो. इथे रेडियल हवेत राहणार, म्हणून तेही पाच-पाच मीटरचे, प्रत्येकी चार, आणि ट्यून केलेले. त्यांच्या टोकांना ट्रान्समिट करताना चांगलंच व्होल्टेज असतं, तेव्हा ती डोक्याच्या वर न्या. संक्रांतीला गच्चीवर अख्खी सोसायटी पतंग घेऊन येते. आठवडाभर सगळं उतरवून ठेवा, शेजारधर्मही टिकतो.

प्रश्न : वळवाच्या पावसात केबल काढली की पुरे का?

उत्तर : रेडिओपासून काढून टेबलावर ठेवली तर नाही. खिडकीबाहेर टाका, तीही गडगडाट सुरू व्हायच्या आधी.