‘मॅडम, मी नव्हतो म्हणून टीम हरली’

फुटबॉल खेळणाऱ्या पोरांकडून हे वाक्य मी दर सीझनला ऐकते. इकडे कॉलेजांच्या झोनल म्हणजे विभागीय स्पर्धा उरकतात, तिकडे कोल्हापुरातल्या तालमींच्या फुटबॉल संघांचा सीझन तोंडावर येतो, आणि गुडघ्याला पट्टा, काखेत कुबडी अशी मुलं आपापल्या आईबरोबर समोर येऊन बसतात. पाय डॉक्टर बघतातच. माझ्याकडे समुपदेशनाला येतं ते बाकीचं, मनाचं. झोप नाही, बापाशी बोलणं नाही आणि डोक्यात एकच मॅच.

‘खेळच आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?’ असं कोल्हापुरात तरी कुणी म्हणू नये. इथं पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही नावं तालमींची आहेत तशीच संघांचीही. शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठेतली दुकानं लवकर बंद होतात. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हापासून तर प्रत्येक गल्लीत एखाद्या पोराच्या आईवडिलांना ‘आपलाही’ असं वाटू लागलंय. वीस वर्षांच्या मुलाची सगळी ओळख त्या जर्सीत असते. ती काढून ठेवावी लागली की उरतं काय, हा प्रश्न त्याच्यापुरता खराच असतो.

आज सांगतेय ती गोष्ट एका कॉलेजच्या कॅप्टनची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि त्याच्या परवानगीनं लिहितेय. दुसऱ्या वर्षाला, सेंटर बॅक म्हणजे बचावफळीत मधोमध खेळणारा, पेठेच्या संघातही नाव. झोनलच्या क्वार्टर फायनलला हेडरसाठी उडी मारून खाली येताना गुडघा आतल्या बाजूला वळला. ‘टक्’ असा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारी आतली लिगामेंट, पूर्ण तुटलेली आणि मेनिस्कसलाही, म्हणजे गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीलाही, चीर. झोनल ही बाद पद्धतीची स्पर्धा, सगळा निकाल दोन-तीन दिवसांत. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी त्याच्याशिवाय सेमीफायनल झाली आणि संघ ३-१ नं हरला.

आई म्हणाली, “ताई, ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले चांगलं झालंय. पण पोरगं जेवत नाही. मोबाईलवर एकच मॅच लावून बसतंय.” वडील येताना रिक्षा चालवत आले होते आणि परत जाईपर्यंत बाहेर रिक्षातच बसून राहिले.

मुलगा बोलायला लागला तो थेट युरोपातून. “मॅडम, रोद्री गेला आणि सिटी ढासळलीच की.” या पोरांशी बोलायचं तर हे सगळं माहीत असावं लागतं, मला ते माझ्या भाच्यानं शिकवलंय. रोद्री हा मँचेस्टर सिटीच्या मधल्या फळीतला मुख्य खेळाडू. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याची एसीएल गेली. ओळीनं चार वर्षं इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकलेली सिटी त्या सीझनला तिसरी आली. म्हणजे मुलाचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. मुख्य खेळाडू बाहेर गेला की संघाला फरक पडतोच. युरोपातल्या २४ क्लबांवर अकरा सीझन केलेल्या अभ्यासातही हेच दिसलंय, ज्यांचे खेळाडू कमी जायबंदी झाले ते टेबलात वर राहिले. म्हणून ‘तुझ्यामुळे काही झालेलं नाही’ असं मी त्याला म्हटलं नाही. ते खोटं आहे हे त्याला कळलं असतं आणि पुढचं काहीच त्यानं ऐकलं नसतं.

मी इतकंच विचारलं, “रोद्रीमुळे सिटी हरली असं कोण म्हणालं रे?” थोडा वेळ गप्प बसला. त्याच सीझनला ऑक्टोबरमध्ये बॅलन डी’ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, घ्यायला रोद्री कुबड्या घेऊन स्टेजवर आला होता, हे त्यानंच मला सांगितलं. पण लगेच म्हणाला, “ते वेगळं, मॅडम.”

पुढच्या वेळी त्याला तो मोबाईल घेऊनच यायला सांगितलं. कुणीतरी गोलपोस्टच्या मागून लाइव्ह केलेलं शूटिंग, निम्मा वेळ जाळीच दिसते. आम्ही ते बरोबर बसून बघितलं, आवाज बंद करून. एकटा बघायचा तेव्हा प्रत्येक गोलला तो ‘इथं मी असतो तर’ एवढंच बघत होता. मी कागदावर तीन रकाने पाडले आणि म्हटलं, आता कोच म्हणून सांग, काय झालं? पहिला गोल कॉर्नरवर. उंच फॉरवर्ड मोकळा राहिला. “हा माझा माणूस होता,” तो म्हणाला. मी तसंच लिहिलं. दुसरा पेनल्टी, आमच्या लेफ्ट बॅकचा हात लागलेला. तिसऱ्या गोलला मात्र त्यानं व्हिडिओ मागं घेतला, पुन्हा मागं घेतला. उजवा विंगर, म्हणजे उजव्या कडेनं खेळणारा, बॉलच्या मागं पळतच नव्हता. दहाएक मिनिटं आधीपासून तो मांडीचा मागचा भाग धरून चालत होता. बाहेरून सरांनी हातानं विचारलं, त्यानं अंगठा दाखवला. त्याच बाजूनं गोल आला.

“हॅमस्ट्रिंग,” कॅप्टन म्हणाला. “लपवत होता.” मग बराच वेळ काही बोलला नाही, आणि शेवटी म्हणाला, “माझ्याकडूनच शिकला तो.”

तेव्हा बाहेर आलं की क्वार्टर फायनलच्या आठवडाभर आधी पेठेच्या प्रॅक्टिसला त्याचा गुडघा मुरगळला होता. सूज होती. क्रेप बँडेज, वर लांब मोजा, मॅचआधी पेनकिलर. घरी माहीत नाही, सरांना माहीत नाही. फक्त ड्रेसिंग रूममध्ये शेजारी बसलेल्या विंगरला माहीत.

खेळाडूला दुखापत झाली की घरचे, मित्र सगळे घाईनं त्याला निर्दोष ठरवतात. प्रेमापोटीच. पण या मुलाच्या मनात जे टोचत होतं त्यातला एक तुकडा खरा होता, आणि सगळं धुऊन काढायच्या नादात तो तुकडाही आपण नाकारला की त्याला एकटं पाडतो. पाय तुटला हा त्याचा गुन्हा नाही. संघ हरला हाही नाही. सूज लपवली, ती मात्र त्यानंच. कागदावर हे वेगळं लिहिल्यावर त्याचा चेहरा हलका झाला असं काही नाही, उलट तो रडला. पण त्या रात्री आईनं फोन करून सांगितलं, जेवला. दुसऱ्या दिवशी वडिलांना त्यानं स्वतः सूज लपवल्याचं सांगितलं. ते काय बोलले, मी विचारलं नाही.

आता दुसरी बाजू, सरांची. त्यांना भेटायला मीच गेले. त्यांची चिंता सरळ होती: एक मोहरा गेला की सगळा संघ विस्कटतो. त्या सेमीफायनलला त्यांनी मधल्या फळीतल्या एकाला मागं खेचून कॅप्टनच्या जागी उभं केलं होतं. मग मधली फळी उघडी पडली, ती भरायला विंगरला आत-बाहेर पळावं लागलं, आणि आधीच दुखणारी मांडी गेली. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल क्लबचं २०२०-२१ ला हेच झालं होतं. त्यांचे सेंटर बॅक एकेक करून जायबंदी झाले: ऑक्टोबरमध्ये व्हॅन डाइक गेला, नोव्हेंबरमध्ये गोमेझ, मग मातिप. कोच क्लॉपनी फॅबिन्यो आणि हेंडरसन या मधल्या फळीतल्या खेळाडूंना मागं घेतलं. बचाव धड सावरला नाही आणि मधली फळीही गेली; घरच्या मैदानावर लीगमधल्या सलग सहा मॅच हरले. नंतर फॅबिन्योला त्याच्या जागी परत पाठवलं, फिलिप्ससारखा नवखा बॅक मागं उभा केला, आणि शेवटच्या दहा मॅचमध्ये एकही हार नाही, तिसरे आले. सर हसले. म्हणाले, “म्हणजे बारावीतनं आलेला उंच बॅक होता माझ्याकडे, त्याला मी घाबरून बाहेर बसवलं, तेच चुकलं म्हणा.” फुटबॉलमधलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्यामुळे मी पुढं काही बोलले नाही.

बोलले ते लपवण्यावर. मुलं दुखणं का लपवतात? एकदा बसलो की जागा गेली, ही भीती. म्हणून मी सुचवलं, मॅचच्या आदल्या दिवशी प्रत्येकानं दुखणं शून्य ते दहा आकड्यात सांगायचं, आणि जो खरं सांगून बसेल त्याला बरा झाल्यावर जागेसाठी पुन्हा झगडावं लागणार नाही, हे सरांनी सगळ्यांसमोर बोलायचं. सर म्हणाले, “मॅडम, असं विचारायला लागलो तर अकरा पोरं उभी राहायची नाहीत.” पण एका सराव मॅचला करून बघू म्हणाले. आकडे कॅप्टननं विचारायचे असं ठरलं. सरांना जे सांगणार नाहीत ते त्याला सांगतील.

तो आधी नाहीच म्हणाला. कुबडी घेऊन बेंचवर बसायचं म्हणजे लोकांच्या नजरा. टीमचा व्हॉट्सॲप ग्रुपही त्यानं सोडला होता. जखमी खेळाडू असा गायब झाला की संघातला एक बॅक तर जातोच, पण ड्रेसिंग रूममध्ये ओरडणारा, शांत करणारा माणूसही जातो, आणि ते नुकसान बदली खेळाडूनं भरून निघत नाही. शेवटी त्याला ग्रुपवर परत घेतलं विंगरनंच, न विचारता. पहिल्या दिवशी दोघांनी आकडे सांगितले. एक होता विंगर: “चार.” त्याला बसवलं.

वॉर्मअपही बदललाय. आधी काय, बाईक लावली, बूट घातले, गोलवर चार शॉट मारले, झाला वॉर्मअप. आता ‘फिफा ११ प्लस’ करतात, वीस मिनिटांचा, साहित्य फारसं लागत नाही. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या पुरुष संघांवर २०१२ च्या सीझनला तो वापरून बघितला, तेव्हा दुखापती जवळजवळ निम्म्यानं कमी झाल्या होत्या. पोरांना कंटाळा येतो. एका पायावर उभं राहायचं आलं की हसतात.

कॅप्टनचं आता काय? ऑपरेशनला सहावा महिना चालू आहे. सरळ धावतो, दुखत नाही, आणि माझ्या मते हाच काळ सगळ्यात धोक्याचा. बाहेरून गुडघा बरा दिसतो, आत लिगामेंट अजून मुरलेली नसते. नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांमध्ये पुन्हा गुडघा जाण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. फिजिओ दोन्ही पायांची ताकद मोजतात, एका पायावर उड्या मारून घेतात. जखमी पाय चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आला नाही तर मैदान नाही. मी त्याच्याकडून एसीएल-आरएसआय ही बारा प्रश्नांची प्रश्नावली भरून घेते, पायावर मनाचा विश्वास कितपत बसलाय ते त्यात कळतं. धावण्याबद्दल तो निर्धास्त आहे. टॅकलचा प्रश्न आला की पेन थांबतं. वडिलांना पोलीस भरतीच्या १६०० मीटरची काळजी आहे, ती मला रास्त वाटते. पण ते धावणं सरळ रेषेतलं, त्याला वेळ आहे.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. पेठेच्या संघाची मोठी स्पर्धा मे महिन्यात आहे आणि मंडळातली मोठी माणसं रोज घरी येऊन विचारतात, “निदान शेवटची वीस मिनिटं?” मेमध्ये नाही खेळला तर तिसऱ्या वर्षाच्या झोनलला तो पूर्ण बरा होऊन उतरू शकतो, हा हिशोब त्याला पाठ आहे. कॅलेंडरवर त्यानं स्वतः खुणा केल्यात. पण मंडळाला ‘नाही’ कुणी म्हणायचं, यावर घरात अजून वाद चाललाय. तो म्हणतो वडिलांनी सांगावं, वडील म्हणतात डॉक्टरांनी लिहून द्यावं. आई परवा मला म्हणाली, “मीच सांगते. त्यांना चहा मीच देते की रोज.”