दारू न पिताही लिव्हरला सूज का येते? औषध आहे का?

खानापूरहून विचारलंय, वडील दारूला शिवत नाहीत, तरी सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं आणि डॉक्टर सूज आहे म्हणतात, हे कसं?

चरबी साठणं वेगळं, सूज वेगळी. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की पोटाच्या चरबीतून फॅटी अ‍ॅसिड्स सतत यकृताकडे वाहतात. शिवाय जास्तीच्या भात-साखरेपासून यकृत स्वतःही चरबी बनवतं. पेशींना ती पेलवत नाही. त्या फुगतात, मरतात. मग यकृतातल्या कुप्फर पेशी (तिथल्या संरक्षक पेशी) दाह वाढवणारी रसायनं सोडतात. खरी भीती पुढची आहे: यकृतातल्याच स्टेलेट पेशी कोलॅजन (व्रणासारखे चिवट तंतू) तयार करू लागतात आणि यकृत निबर होत जातं. बहुतेकांना दुखत काहीच नाही, म्हणून डॉक्टरांना फायब्रोस्कॅनबद्दल (यकृत किती निबर झालंय ते मोजणारी तपासणी) नक्की विचारा.

औषधं आहेत. अमेरिकेत २०२४ मध्ये रेसमेटिरोम मंजूर झालं. ते यकृतातल्या थायरॉईड रिसेप्टरला चालना देऊन चरबी जाळायला लावतं. २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडलाही या आजारासाठी मान्यता मिळाली. दोन्ही मध्यम ते जास्त फायब्रोसिस (हेच निबर होणं) असलेल्या, पण सिऱ्होसिस (त्याची शेवटची पायरी) न झालेल्यांसाठी. भारतात सारोग्लिटाझार हे औषध या आजारासाठी २०२० पासून आहे. यातलं काहीही स्वतःहून सुरू करू नका. गुळवेलीचे काढे तर नकोच, त्यानेच काहींच्या लिव्हरला इजा झालेली आहे.

वडील ८० किलोचे असतील तर ६ ते ८ किलो उतरवा, पण हळूहळू. सूज उतरते. कुंदा (आपली बेळगावकडची खव्याची मिठाई) सणापुरता ठेवा, रोज जोंधळ्याची भाकरी द्या.