वाचकांचे प्रश्न : हापसे दुरुस्त करण्यासाठी युगांडाला जावे का?

प्रश्न : मी जालना जिल्ह्यातील सेवानिवृत्त हातपंप मेकॅनिक आहे. आमच्या मंडळीतील (चर्चमधील) एक प्लंबर, एक वेल्डर, एक गवंडी आणि मी अशा चौघांना युगांडातील एका मंडळीने तेथील खेड्यांतले बंद पडलेले हापसे दुरुस्त करण्यासाठी दोन आठवडे बोलावले आहे. भाड्याचे पैसे आम्ही आणि मंडळी मिळून उभे करणार आहोत. आमच्यापैकी कोणीही उपदेशक नाही आणि इंग्रजीही जेमतेमच येते. मंडळीतील काही जण म्हणतात, नटबोल्ट आवळणे ही कसली मिशन सेवा? काही म्हणतात, जाण्यापेक्षा तेवढे पैसेच पाठवून द्या. आपले मत कळवावे.
– एक वाचक, जालना जिल्हा

उत्तर : आपल्या जिल्ह्याचे नाव हापशाच्या इतिहासात आहे, आणि पहिल्या आक्षेपाचे उत्तर त्या इतिहासातच मिळते. आपल्याकडे बोअर घेतले जाऊ लागले, तेव्हा त्यांवर बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप हे मुळात युरोप-अमेरिकेतील एकेका शेतकरी कुटुंबाच्या वापरासाठी बनलेल्या पंपांच्या नकला होत्या. अख्खे गाव दिवसभर हापसू लागले की त्यांचे सांधे झिजत, दांडे तुटत आणि बोअरला पाणी असूनही बायकांना हंडे घेऊन पुन्हा ओढ्याची वाट धरावी लागे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जालन्यातील स्कॉटिश मिशनच्या कामातून पोलादी ‘जालना पंप’ निघाला, सोलापुरात त्याहून टिकाऊ पंप तयार झाला आणि १९७० च्या दशकात भारत सरकार व युनिसेफ यांच्या प्रयत्नांतून, सोलापूरच्या पंपाचा आधार घेऊन, ‘इंडिया मार्क-२’ घडला. तोच पंप पुढे आफ्रिकेत गेला. युगांडात ज्याला ‘यू-२’ म्हणतात तो मार्क-२ आहे आणि ‘यू-३’ म्हणजे मार्क-३ आहे. आपण आयुष्यभर उघडलेले यंत्रच तिथे आपल्यासमोर येणार आहे.

जालन्याच्या मिशनमधील लोकांनी पंपाच्या दांड्याचा विचार केला, ही त्यांची सेवाच होती. बायबलमधील निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात बसालेलाला देवाच्या आत्म्याने परिपूर्ण केल्याचे सांगितले आहे, ते सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांच्या कारागिरीसाठी. प्रेषित पौल करिंथ येथे अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू करीत होता. म्हणून आपल्या कामाला कमी लेखणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. मात्र एक गोष्ट आधीच ठरवून घ्यावी : हापसा सर्वांचा असतो. त्या गावातील मुस्लिम कुटुंबाला किंवा कोणत्याही मंडळीत न जाणाऱ्या कुटुंबाला पाण्यासाठी प्रार्थनेला बसावे लागेल, अशी व्यवस्था असेल तर जाऊ नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९९८ मध्ये मिच चक्रीवादळाने होंडुरासमध्ये हजारो घरे उद्ध्वस्त केल्यानंतर उत्तर अमेरिकेतील ख्रिस्ती गट तिथे घरे बांधायला गेले. कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने नंतर त्या कामाचा अभ्यास केला. स्थानिक लोक जे घर साधारण २,००० डॉलरांत उभे करीत होते, त्यासाठी परदेशी गटाचा खर्च, विमानभाडे धरून, सुमारे ३०,००० डॉलरांपर्यंत जात होता, आणि घर कोणी बांधले यामुळे त्यात राहणाऱ्या कुटुंबांच्या पुढील आयुष्यात फारसा फरक पडलेला दिसला नाही. पाहुण्यांचा हेतू चांगला होता, घामही खरा होता. पण विटा रचणारे हात होंडुरासमध्ये आधीच होते, आणि त्यांना रोजगाराची गरज होती.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की आपण चौघांनी जाऊ नये, दोघांनी जावे. गवंडी आणि वेल्डर तिथल्या प्रत्येक बाजारगावात मिळतात. हापशाभोवतीचा ओटा आणि सांडपाण्याची नाली तिथल्याच गवंड्याने, रोजंदारी घेऊन, बांधावी. आपण आणि प्लंबर जा, आणि उरलेल्या दोन तिकिटांचे पैसे वॉशर, बेअरिंग, साखळ्या, दांड्या आणि पाइप यांसाठी ठेवा. आपले दोन सहकारी नाराज होतील, हे मी जाणतो. त्यांना हे आकडे दाखवा.

जाण्यापूर्वी एक पत्र अवश्य पाठवा. युगांडात जिल्हानिहाय हापसा मेकॅनिकांच्या संघटना आहेत. बोलावणाऱ्या मंडळीने त्या जिल्ह्यातील संघटनेशी आणि जिल्हा पाणी कार्यालयाशी बोलून घेतले आहे का, ते विचारा. घेतले नसेल तर आपण फुकट दुरुस्त केलेला प्रत्येक हापसा म्हणजे तिथल्या एखाद्या मेकॅनिकची बुडालेली मजुरी ठरेल, आणि तीन महिन्यांनी तो पुन्हा बंद पडला की गावकरी त्याला बोलावण्याऐवजी पुढच्या पाहुण्यांची वाट पाहतील. घेतले असेल तर प्रत्येक गावी त्या मेकॅनिकच्या बरोबरीने काम करा, त्याची मजुरी गावाच्या पाणी समितीकडून त्याला मिळू द्या आणि पाना शक्यतो त्याच्याच हातात राहू द्या.

तिथे पोहोचल्यावर पंप उघडण्याची घाई करू नये. तो का बंद पडला, हे आधी शोधावे. आपल्याकडे बहुधा वॉशर झिजलेले असते किंवा पाण्याची पातळी खाली गेलेली असते, आणि हात सवयीने तिकडेच वळतो. युगांडाच्या बऱ्याच भागांत मात्र भूजल आम्लधर्मी आहे. पाण्याचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) साडेसहाच्या खाली असला की जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपवरील जस्ताचा थर निघून जातो, लोखंड गंजते, पाइपला भोके पडतात आणि पाणी तांबडे, कडवट येऊ लागते. लोक ते पाणी टाकून देतात व पुन्हा उघड्या झऱ्याकडे जातात. अशा ठिकाणी नवा जीआय पाइप टाकला तर तोही काही वर्षांतच कुजणार. तेथे स्टेनलेस स्टीलचा किंवा यूपीव्हीसीचा (कडक प्लास्टिकचा) पाइप लागतो. गंज पाइपचा आहे की लोह मुळातच जमिनीतल्या पाण्यात आहे, हे ओळखण्याची साधी रीत अशी : पहाटे, रात्रभर पंप बंद राहिल्यानंतर, पहिली बादली भरून पाहावी आणि मग बराच वेळ हापसत राहून पुन्हा भरावी. तांबडेपणा ओसरला तर दोष पाइपचा. तसाच राहिला तर दोष जमिनीतल्या पाण्याचा, आणि त्यावर पाइप बदलण्याचा उपयोग नाही.

मार्क-२ चे वॉशर बदलायला सगळे पाइप वर ओढावे लागतात, हे आपल्याला सांगायला नको. मार्क-३ मध्ये वरचा पाइप ६५ मिलिमीटरचा असल्याने दट्ट्या वरूनच काढता येतो, आणि गावातील दोन-तीन माणसे, त्यांत स्त्रियाही, हे काम शिकू शकतात. ज्या गावी ‘यू-३’ आहे तिथे दोन दिवस जास्त राहून हे शिकवावे. दहा पंप घाईने चालू करण्यापेक्षा मला हे अधिक मोलाचे वाटते. पंप उघडला की बोअरमध्ये ब्लीचिंग पावडर सोडून, वास जाईपर्यंत पाणी उपसून टाकल्याशिवाय ते पिण्यास देऊ नये.

पर्यटक व्हिसावर काम करू नये. स्वयंसेवी कामाची परवानगी बोलावणाऱ्या मंडळीने लेखी मिळवून द्यावी. पीतज्वराची (यलो फीवरची) लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्या आणि तिचा दाखला जवळ ठेवा. त्याविना परत आल्यास विमानतळावरूनच विलगीकरणात जावे लागू शकते. इंग्रजीची चिंता नको, खेड्यांत दुभाष्या तसाही लागणारच.

प्रश्न : मी आयटीआय झालेला वायरमन आहे, वय २९. दोन आठवडे नव्हे, वर्षभर द्यायची माझी तयारी आहे. असे काम कुठे मिळेल?
– एक वाचक, वसई

उत्तर : १९७८ मध्ये सुरू झालेल्या ‘मर्सी शिप्स’ या ख्रिस्ती संस्थेची रुग्णालय-जहाजे आफ्रिकेच्या बंदरांत महिनोन्‌महिने उभी राहून मोफत शस्त्रक्रिया करतात. डॉक्टर-परिचारिकांइतकीच तिथे इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर यांची गरज असते, कारण वीज किंवा वातानुकूलन थांबले तर शस्त्रक्रियाही थांबते. पगार मिळत नाही. उलट प्रवासखर्च स्वयंसेवकालाच करावा लागतो, त्यामुळे अनेक जण आपापल्या मंडळीच्या आधाराने जातात. जहाजावरील काही पदांसाठी समुद्रसुरक्षेचे प्राथमिक प्रशिक्षणही लागते. अर्ज करण्यापूर्वी वायरमन परवाना आणि आतापर्यंतच्या कामाचे दाखले इंग्रजीत तयार करून ठेवा, आणि वर्षभराचा खर्च कोण उचलणार हे आपल्या मंडळीच्या पाळकांशी (धर्मगुरूंशी) बोलून ठरवा.