हाताने केलेली जादू: शाप, करणी की हातगुण?

प्रश्न कोल्हापूरच्या एका अनुवादकाचा आहे. कुमारवयीन वाचकांसाठीची एक इंग्रजी अद्भुतकादंबरी मराठीत आणायची आहे. तिच्यातली जादू हाताच्या स्पर्शाने चालते, म्हणून सगळे हातमोजे घालून वावरतात. जादूला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे ती येणारी कुटुंबं गुन्हेगारीत शिरली आहेत. या जादूला 'शाप' म्हणावं का? आणि कुटुंबांना 'टोळी' म्हणावं की 'घराणं'?

'शाप' नको. शाप तोंडाने देतात आणि मग उःशाप मागावा लागतो. स्पर्शाचा तिथे संबंध नाही. 'चेटूक' म्हटलं की चेटकीण डोळ्यांपुढे येते आणि कादंबरी एकदम लहान मुलांची होऊन जाते. 'मूठ' मारतात, म्हणजे मंतरलेले उडीद लांबून फेकतात. दृष्ट डोळ्याने लागते, तीही बऱ्याचदा लावणाऱ्याच्या मनात नसताना. नुसता हात लावून केलेल्या जादूला मात्र मराठीत तयार क्रियापद नाही, आणि खरी अडचण ही आहे.

सगळ्यांत जवळचा शब्द 'करणी'. तो 'करणे'मधून आला. मुळात करणी म्हणजे कृती, 'करणी तशी भरणी'मधली. कोल्हापुरात 'कुणीतरी करणी केलीया बघा' हे वाक्य सहज कानावर पडतं, आणि अमावास्येनंतर तिकटीवर लिंबू, टाचण्या, काळी बाहुली दिसली की लोक वळसा घालून जातात. या शब्दाबरोबर क्रियापदांचा अख्खा संच मिळतो: करणी करतात, ती लागते, बाधते, काढतात आणि उलटते. जादू करणाऱ्यालाच तिचा फटका बसतो असा प्रसंग आला, तर 'करणी उलटली' एवढं पुरे. 'प्रतिक्रिया' किंवा 'परतीचा आघात' असलं काही घडवायची गरज नाही.

पण करणी नेहमी वाईटच असते आणि चोरून होते. कादंबरीत कुणी हात लावून दुसऱ्याचं नशीब उजळवत असेल, तर तिथे 'करणी केली' हे उलट्या अर्थाचं होईल. शिवाय करणी केल्याच्या संशयावरून आपल्याकडे खऱ्या बायामाणसांना मारहाण झाली आहे. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा अशा छळाला आळा घालण्यासाठीही आला. म्हणून 'करणी' हा शब्द घाबरलेल्या शेजाऱ्यांच्या तोंडी ठेवा आणि सरकारी मजकुरात 'जादूटोणा' वापरा.

घरातली माणसं आपल्या शक्तीला काय म्हणतील? माझं मत 'हातगुण'. वैद्याच्या हाताला गुण असतो, तसाच यांच्याही. शब्द ओळखीचा आहे, प्रेमाने उच्चारला जातो, आणि 'आमच्या घरात हातगुण आजीकडून आला' हे वाक्य थंडपणे भीतिदायक होतं. गुन्ह्याची भाषाही हाताचीच आहे: गल्ल्यावर हात मारतात, हातचलाखी करतात, अंगावर हात टाकतात. जादू आणि गुन्हा मराठीत एकाच शब्दाभोवती जमतात, हे या अनुवादाचं मोठं भाग्य आहे.

'टोळी'चं काय? कोल्हापूरच्या खेड्यात गळीत हंगामात 'टोळी आली' म्हणजे ऊसतोड मजूर आले. टोळीला मुकादम असतो, उचल असते, आणि हंगाम संपला की ती पांगते. रक्ताचं नातं या शब्दात नाही. पोलीस आणि वर्तमानपत्रं 'टोळी' म्हणोत. निवेदनात 'घराणं'च हवं. इथल्या वाचकाला त्यावरून शाहू महाराजांच्या दरबारचे अल्लादिया खाँ आणि जयपूर-अत्रौली गायकी आठवेल. आठवू दे. विद्या पिढीजात, बाहेरच्याला सहज न मिळणारी, हा अर्थ तिथूनच येतो. घराण्याच्या प्रमुखाला मात्र 'वस्ताद' म्हणू नका. तालमीतल्या गुरूचा तो मान आहे.

शेवटचा खड्डा 'उघड्या हाताने स्पर्श'. 'रिकाम्या हाताने' लिहिलंत तर काही न आणता आला असा अर्थ होतो, 'मोकळ्या हाताने'चंही तेच. सरळ कृती लिहा: 'त्याने उजव्या हाताचा मोजा काढला आणि मुनिमाच्या मनगटाला बोट लावलं. मुनिमाला स्वतःचं नावही आठवेना.'