शेऱ्याच्या जागी १३७ का दिसतं?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचा अशोक चौकाजवळ चादरींचा छोटा कारखाना होता. १९९४ पासून पार्ट्यांची माहिती ते कॉम्प्युटरवर ठेवायचे. पत्ता, उधारी आणि शेवटी ‘शेरा’. कोण पैसे लांबवतो, कोणाला कुठली नक्षी चालते, हे सगळं त्या शेऱ्यात. ते सांगायचे, मी टाइप करायचे. आता ते नाहीत. भाच्याने फ्लॉपीतून पार्टी.डीबीएफ काढून दिली. नोटपॅडमध्ये उघडली तर नावं दिसतात, पण शेऱ्याच्या जागी १३७, २१२ असे नुसते आकडे. माळ्यावरचं जुनं मशीन अजून सुरू होतं. त्यात त्याच नावाच्या डीबीएफ, डीबीटी आणि एनटीएक्स अशा तीन फायली आहेत. शेरे पुसले गेले का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही ताई, शेरे जागेवर आहेत. तुम्ही घराऐवजी घराचा नंबर वाचताय, एवढंच.

शेरा कधी दोन शब्दांचा, कधी पानभर. त्यामुळे तो डीबीएफच्या ठरावीक मापाच्या रकान्यात बसवत नसत. तिथे दहा अक्षरांची जागा असायची आणि तिच्यात फक्त आकडा. खरा मजकूर शेजारच्या डीबीटीत. एनटीएक्स (नोंदी क्रमाने शोधायची सूची) दिसली म्हणजे प्रोग्राम बहुधा क्लिपर या डॉसच्या काळातल्या भाषेतला, आणि त्याची डीबीटी ५१२ बाइटच्या खणांची असते. तो आकडा म्हणजे खणाचा नंबर. १३७ गुणिले ५१२ म्हणजे ७०,१४४. डीबीटीच्या सुरुवातीपासून तेवढे बाइट सोडले की त्या पार्टीचा शेरा सुरू होतो, आणि हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) १ए हा बाइट आला की संपतो. पहिला खण, म्हणजे शून्य नंबरचा, मजकुराचा नाही. पुढचा रिकामा खण कुठला, याची नोंद त्यात असते.

आता महत्त्वाचं. फ्लॉपीतली डीबीएफ आणि मशीनमधली डीबीटी यांची सोयरीक जमवू नका. फ्लॉपी कुठल्या साली भरली कोण जाणे. मधल्या काळात शेरे बदलले असतील, फाइल नव्याने बांधली असेल, तर १३७ वर भलत्याच पार्टीचा शेरा निघेल. आणि तो इतका सरळ वाचता येईल की चूक कळणारही नाही. दोन्ही फायली मशीनमधल्याच घ्या, एकाच वेळी, एकाच फोल्डरमध्ये, नावं न बदलता. मशीनवर तो जुना प्रोग्राम मात्र चालवू नका. कॉपी काढा आणि जे काय करायचं ते कॉपीवर करा. रकान्यातल्या सगळ्यात मोठ्या आकड्याला ५१२ ने गुणा. डीबीटी तेवढीही भरत नसेल, तर ती अर्धवट आहे किंवा जोडीची नाही.

भाच्याला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर ‘डीबीएफरीड’ नावाची फुकट लायब्ररी आहे. ती आकड्यावरून शेरा स्वतःच उचलून आणते. ओळींच्या शेवटी मधूनमधून विचित्र खूण दिसेल. ती ८डी आणि ०ए या बाइटांची जोडी, एडिटरने ओळ मोडली तिथली. तिच्या जागी स्पेस टाकायची. तुम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलं असेल (आपल्याकडे बहुतेक जण तसंच करायचे, ‘hundi’ला ‘हुंडी’ समजून वाचायचे) तर लगेच वाचता येईल. जिस्ट कार्ड (कॉम्प्युटरला भारतीय लिप्या दाखवायला लावणारं कार्ड) लावून देवनागरीत केलं असेल तर आधी सगळं अगम्य दिसेल. ते इस्की, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचा जुना अक्षर-संकेत, असतं. त्यात ‘क’ म्हणजे हेक्समधला बी३. तक्ता समोर ठेवून युनिकोडमध्ये बदलता येतं.

एक गंमत सांगतो. क्लिपरमध्ये शेरा वाढून जुन्या खणांत मावेनासा झाला की तो फाइलच्या शेवटी नव्याने लिहिला जाई, आणि जुना तिथेच पडून राही, कुठलाच आकडा त्याच्याकडे बोट दाखवत नाही असा. म्हणून आकड्यांवरचे शेरे काढून झाले की अख्खी डीबीटी हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधला प्रत्येक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) वरून खाली वाचा. एखाद्या पार्टीबद्दल सासऱ्यांचं पहिलं मत आणि नंतरचं मत, दोन्ही सापडतील. व्यापाऱ्याची मतं कशी फिरतात ते मी जवळून पाहिलंय.

राहिला प्रश्न फ्लॉपीत डीबीटी का नाही हा. त्या काळी मी पूर्व भागातल्या कारखान्यांत असे प्रोग्राम बसवत फिरायचो. बॅकअपची बॅच फाइल (मशीनने ओळीने पाळायच्या हुकमांची यादी) लिहिताना मी फक्त ‘सगळ्या डीबीएफ कॉपी करा’ एवढीच ओळ टाकली होती. सुताच्या धुळीने एका कारखान्याचं मशीन बसलं, फ्लॉपी काढली, तेव्हा कळलं की दोन वर्षांचे शेरे तिच्यात कधी गेलेच नव्हते. मालक काही बोलले नाहीत. चहा पाजला आणि पार्ट्यांची यादी पुढे ठेवून म्हणाले, आठवेल तेवढं सांगतो, लिहा.

तुमच्या मशीनवर बॅकअपची बॅच फाइल असेल तर उघडून पाहा. तिच्या पहिल्या ओळीत ‘जय सिद्धेश्वर’ असेल, तर ती माझीच.