रिमाइंडर तीन-तीनदा जातोय? शेड्युलर वेब ॲपच्या बाहेर काढा

रिमाइंडरच्या घोळाची तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला, कारण शब्द न् शब्द माझीच जुनी गोष्ट आहे. फ्लास्कचं (पायथनमधलं) वेब ॲप, आत ठरल्या वेळी काम चालवणारा एपीशेड्युलर, सर्व्हरवर ॲप चालवायला गनिकॉर्न, लोकांना फीचा रिमाइंडर कधी तीनदा जातो तर कधी जातच नाही, आणि स्वतःच्या लॅपटॉपवर मात्र सगळं बरोबर. क्रॉन (सर्व्हरवर ठरल्या वेळी कमांड चालवणारं साधन) आणि वर्कर (ॲपची एकेक चालू प्रत) तुम्हाला माहीतच असणार, त्यात जास्त शिरत नाही. मला जे महागात पडलं ते सांगते.

माझं ॲप हाउसिंग सोसायट्यांच्या मेंटेनन्सचं होतं. रोज सकाळी ९ वाजता थकबाकीदारांना एसएमएस, आणि दर महिन्याच्या १ तारखेला थकबाकीवर व्याज लावायचं. गनिकॉर्नला चार वर्कर दिले होते. आता चार वर्कर म्हणजे चार वेगळ्या प्रोसेस, प्रत्येकीत अख्खं ॲप लोड होतं, म्हणजे शेड्युलरही चार. ते एकमेकांना ओळखत नाहीत. ९ वाजले की चौघेही आपापला एसएमएस पाठवणार. तुमच्याकडे तीन जातायत ना, मग वर्कर तीन असतील असं मला वाटतं (कॉन्फिग बघितलेलं नाही, त्यामुळे खात्रीने म्हणत नाही).

वाईट याचं वाटतं की मला याची खूण आधीच दिसली होती. लॅपटॉपवर डीबग मोडमध्ये (चुका शोधायला ॲप चालवतो तेव्हा) जॉब, म्हणजे शेड्युलरला दिलेलं काम, दोनदा चालायचा. शोधलं तर कळलं की फ्लास्कचा रीलोडर (कोड बदलला की ॲप आपोआप परत सुरू करणारा) दोन प्रोसेस चालू करतो म्हणून तसं होतं. मी रीलोडर बंद केला, एकदाच चालायला लागलं, आणि विषय मिटला असं धरून पुढे गेले. दोन प्रोसेस म्हणजे दोन शेड्युलर हे तिथेच कळलं होतं, ते चार वर्करना लावून बघायचं मात्र सुचलं नाही.

मग लोकांना चार-चार एसएमएस जायला लागले तेव्हा मी दोष दिला एसएमएसवाल्या कंपनीला. त्यांच्या सपोर्टला लिहिलं. उत्तर काय, तर ऑपरेटरकडे चौकशी चालू आहे. परत लिहिलं, परत तेच उत्तर, तिसऱ्यांदा तर न विचारता तिकीटच बंद. मी मागत होते फक्त एका नंबरचा एका दिवसाचा रिपोर्ट, प्रत्येक मेसेजच्या आयडीसकट. तो मिळाला असता तर चार वेगवेगळे आयडी बघून पाच मिनिटांत समजलं असतं की आमच्याकडूनच चार रिक्वेस्ट जातायत. तीन आठवडे गेले यात. आणि त्या तीन आठवड्यांत १ तारीख आली.

व्याज चारदा लागलं. आपल्याकडे महाराष्ट्रात सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) तेव्हा थकबाकीवर वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के सरळव्याज घेता यायचं, म्हणजे महिन्याला पावणेदोन टक्के. २०,००० थकबाकी असलेल्याला ३५० रुपये लागायला हवे होते, लागले १,४००. बिलं छापून दारोदार वाटूनही झाली होती. एका सोसायटीच्या खजिनदार काकूंना मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं, पैसे खाल्ले इथपर्यंत बोलणं गेलं, आणि चूक पूर्ण माझी होती. त्या मला काहीच बोलल्या नाहीत, नुसतं "बाई, आता हे निस्तरायचं कसं ते सांग" म्हणाल्या. एकेक एंट्री हाताने उलटवली. एसएमएस एकवेळ लोक विसरतात, खातेवहीत चुकीचा आकडा पडला की कोणी विसरत नाही.

म्हणून माझं मत ठाम आहे, कोणाला पटो न पटो: शेड्युलर वेब ॲपच्या प्रोसेसमध्ये ठेवूच नका. कोणी सांगेल एकच वर्कर ठेवा, कोणी सांगेल गनिकॉर्नला प्रीलोड लावा (वर्कर सुरू व्हायच्या आधी ॲप एकदाच लोड करा). चालेल, पण ज्या दिवशी कोणी वर्कर वाढवेल किंवा दुसरा सर्व्हर जोडेल त्या दिवशी परत तेच. साधी कमांड लिहा आणि ती क्रॉनमधून चालवा, कमांडच्या पुढे फ्लॉक (कुलूप लावणारी कमांड) लावा म्हणजे आधीचा रन संपला नसेल तर दुसरा सुरू होणार नाही. एका सर्व्हरच्या छोट्या ॲपला सेलरी (कामं रांगेत लावून वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवणारी सिस्टिम) लागत नाही असं मला वाटतं. लावलंत तरी बीट, म्हणजे तिचा शेड्युलर, एकाच ठिकाणी चालवा, दोन बीट म्हणजे पुन्हा दुप्पट टास्क.

पण हेही पुरेसं नाही. खरा बंदोबस्त डेटाबेसमध्ये पाहिजे. शेड्युलरने फक्त उठवायचं, काम आधी झालंय का ते टेबल सांगणार. मी व्याजाच्या टेबलावर सभासद आणि महिना मिळून युनिक कन्स्ट्रेंट टाकला, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा पडूच शकत नाही. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये इन्सर्टला (ओळ टाकण्याच्या कमांडला) 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' जोडलं की जॉब चारदा चालो नाहीतर चाळीसदा, ओळ एकच पडते. एसएमएसला थोडं वेगळं आहे कारण गेलेला मेसेज परत घेता येत नाही, म्हणून आधी ओळ टाकायची आणि ज्याची ओळ पडली त्यानेच पाठवायचं. मधेच प्रोसेस मेली तर एखादा मेसेज राहून जाईल. मला ते चालतं, तुम्ही औषधाचे वगैरे रिमाइंडर पाठवत असाल तर वेगळा विचार करा.

कधी कधी जातच नाही, त्याचं बहुतेक कारण सांगते. एपीशेड्युलरच्या ३ नंबरच्या व्हर्जन्समध्ये जॉबला एका सेकंदाहून जास्त उशीर झाला तर तो रन सोडून दिला जातो, मिसफायर ग्रेस टाइम (किती उशीर चालेल ती सेटिंग) वाढवला नसेल तर. लॉगमध्ये 'मिस्ड बाय' अशी ओळ शोधा. आणि दर २४ तासांनी असं इंटरव्हल लावलं असेल आणि जॉब मेमरीतच असेल तर प्रत्येक रीस्टार्टला घड्याळ शून्यापासून, रोज डिप्लॉय करणाऱ्याचा (सर्व्हरवर नवा कोड चढवणाऱ्याचा) जॉब कधीच चालणार नाही.

वेळेचं पण बघून घ्या. सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) असेल तर आपले सकाळचे ९ म्हणजे तिथले पहाटेचे साडेतीन, क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलमध्ये) मिनिटाला ३० आणि तासाला ३. सर्व्हरचा टाइमझोन बदललात तर क्रॉन रीस्टार्ट करा, नाहीतर तो जुन्याच वेळेने चालत राहतो, माझी एक अख्खी सकाळ यात गेली. १ तारीख लागल्या लागल्या रात्री साडेबाराचा जॉब तर यूटीसीत आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी येतो, तो कधी ३०, कधी ३१, कधी २८. त्यापेक्षा रोज चालवा आणि भारतातली तारीख १ आहे का ते कोडमध्ये तपासा. तारीख कमांडला बाहेरून देता येईल अशी सोय ठेवा, चुकलेला दिवस नंतर चालवता येतो.

अजून एक, क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह आलं तर त्याच्याआधी बॅकस्लॅश लागतो, क्रॉन त्याला नवी ओळ समजतो. लॉगच्या फाइलच्या नावात तारीख टाकायला जाल तेव्हा हे नक्की आडवं येईल.

आज मात्र बाकी काही बदलू नका. जॉबच्या पहिल्या ओळीत प्रोसेस आयडी लॉग करा आणि उद्या सकाळचा लॉग बघा. तीन वेगळे आकडे दिसले तर ती ओळ आणि तुमची गनिकॉर्नची कमांड इथे टाका. आणि पैशाचा कुठलाही जॉब असेल तर तो आत्ता, पुढची १ तारीख यायच्या आत, बंद करून ठेवा.